सोलणाऱ्याचं आडनाव

फुजैरा,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

तारीख ठरली. अकरा जानेवारी, शनिवार. जयच्या बाबांनी दुबईतल्या एका हॉटेलचा हॉल पाहून ठेवलाय. काल फोनवर तुम्हाला हेच सांगत होते, तर तुम्ही "कोण वारलं?" म्हणून ओरडलात. लोटे एमआयडीसीतल्या कारखान्याच्या बॉयलरने तुमच्या कानांचं जे करायचं ते करून ठेवलंय, त्यामुळे आता फोन खलास, पत्रच बरं. हे पत्र खेडच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याला मेल करतेय. तो छापून देईल. तुमचं उत्तरही त्याच्याकडेच द्या, तो स्कॅन करून पाठवेल. तो सगळं वाचतो हे मला ठाऊक आहे. वाचा हो, तुम्हालाही लग्नाचं आमंत्रण आहे.

गेल्या शुक्रवारी जयच्या घरी, शारजाला, जेवायला गेले होते. सोबत आमच्या लॅबचे साहेब होते, मॅथियास शिंडर. जर्मन आहेत, साठीला आलेत, एकटेच राहतात. फुजैरात जहाजांत भरायच्या तेलाचे नमुने तपासायचं आमचं काम. सहा वर्षांत ते माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. जयच्या आईने, अर्चनाकाकूंनी, कोथिंबीर वडी आणि मसालेभात केला होता. साहेब मनापासून जेवले.

जेवताना जयच्या बाबांनी, अनिलकाकांनी, सहज विचारलं, शिंडर म्हणजे काय? साहेब भात खाता खाताच म्हणाले, मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारा. गावात गाय, घोडा मेला की त्यांच्या पूर्वजांनी ओढून न्यायचा, कातडं काढायचं, उरलेलं पुरायचं. घर गावाबाहेर. गुत्त्यात बसायला वेगळं तिपाई स्टूल, प्यायला वेगळा पेला. मुलांना दुसरा धंदा शिकायची बंदी. लग्नं आपसातच, नाहीतर फाशी देणाऱ्याच्या घरात. कुणी त्यांना नुसता हात लावला तरी त्याचं नाव कारागिरांच्या संघातून काढून टाकत. हे सगळं ते अशा आवाजात सांगत होते, जसं आपण आज वाटेत जॅम किती होता ते सांगतो.

अनिलकाका जोरात हसले. म्हणाले, "म्हणजे यू वेअर द अनटचेबल्स ऑफ जर्मनी!" साहेबही हसले, "यस, एक्झॅक्टली." अर्चनाकाकू म्हणाल्या, "अय्या, पण बघून वाटत नाही हं." सगळे हसले. मीही हसले.

तुमचा पासपोर्ट तयार ठेवा. व्हिसाचं अनिलकाका बघतो म्हणालेत. कोट शिवून घ्या, तयार घेऊ नका, तुमच्या खांद्यांना तयार कोट बसत नाही.

तुमची,
प्रज्ञा


वेरळ, ता. खेड,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र झेरॉक्सवाल्याने दिलं ते "अभिनंदन काका" म्हणूनच. म्हणजे वाचून झालं होतं. त्याला मी म्हटलं, छापायचे पैसे आता निम्मेच देणार, अर्धी मजा तू घेतलीस.

तुझे शिंडरसाहेब मला फार आवडले. मी पत्र दोनदा वाचलं. तिपाई स्टूल आणि वेगळा पेला! मी तुझ्या आजोबांबरोबर बाजाराला जायचो तेव्हा चहाच्या टपरीबाहेर खुंटीला आपल्यासाठी फुटका कप टांगलेला असायचा. आपणच उतरवायचा, आपणच धुवायचा. तो कप तिकडे जर्मनीपर्यंत जाऊन आला होता हे मला ठाऊक नव्हतं.

आता ऐक, मला त्यांना काही विचारायचंय. एक, हे तिकडे बंद कसं झालं? दुसरं, त्यांनी हे आडनाव ठेवलंच का? आपल्याला तर आडनावच नव्हतं. तुझ्या आजोबांना गावात कामावरूनच हाक मारत, ती हाक मी कागदावर लिहिणार नाही. छप्पन साली त्यांनी ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावाने दुकानातून मीठसुद्धा द्यायचं बंद केलं होतं. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी गावाचं नाव पुढे लावून दिलं, वेरळकर. बरे होते बिचारे. गावाच्या नावात सगळेच मावतात. साहेबांना तशी सोय होती की नव्हती?

आणि एक. तू का हसलीस?

लग्नात त्रिसरण-पंचशील मी स्वतः म्हणेन. तिकडे भन्ते मिळणार नाहीत, पण त्यावाचून अडत नाही, मी वस्तीत इतकी लग्नं लावली आहेत. छोटी बुद्धमूर्ती आणि फोटो हँडबॅगेत आणतो. कोट शिवायला टाकला, करडा. शिंपी म्हणतो, काका, नवरदेव तुम्हीच दिसाल.

तुझा बाबा,
दगडू


फुजैरा,
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

हे पत्र झेरॉक्सवाल्याकडे पाठवत नाहीये. लॅबमधला रफिक दापोलीला घरी चाललाय, तो तुमच्या हातात देईल. त्याला चहा द्या, जेवूनच पाठवा.

आधी तुमच्या प्रश्नाचं. साहेब म्हणाले, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बादशहाने फर्मान काढलं की शिंडरांच्या मुलांना धंदे शिकू द्या. फर्मान निघालं, पण लोकांनी ऐकायला शंभर वर्षं घेतली. पुढे गावं मोडली, कारखाने आले, कोण कुणाचा हे विसरत गेले. आता आडनाव ऐकून जर्मनीत कुणी पेला वेगळा ठेवत नाही. आडनाव का ठेवलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. "लाँग स्टोरी," म्हणाले आणि नमुन्यांच्या बाटल्या मोजायला लागले.

आता जे लिहायला बसलेय ते. चार दिवस कागद समोर ठेवतेय आणि उचलतेय.

जयला पहिल्या महिन्यापासून सगळं माहीत आहे. त्याला काहीच वाटत नाही, तो इथेच वाढलाय, त्याला मराठीतले आकडेसुद्धा नीट येत नाहीत. पण त्याच्या आईबाबांना सांगितलेलं नाही. मी खोटं बोललेले नाही, बाबा. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "वेरळकर म्हणजे खेडकडचे ना?" मी हो म्हटलं. "मग आमच्यासारखेच कोकणातले," त्या म्हणाल्या आणि पुढचं त्यांनीच ठरवून टाकलं. तेव्हा मी गप्प बसले, आणि मग रोजच गप्प बसावं लागलं.

जय म्हणतो, लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगू. लग्न भटजी लावणार आहेत. कन्यादानाला तुम्हाला बसावं लागेल. तिथे भटजी मुलीच्या बापाला गोत्र विचारतात. जयने इंटरनेटवर शोधलं. ज्यांना आपलं गोत्र माहीत नसतं ते काश्यप सांगतात, चालतं. "इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी, प्रज्ञा. वन वर्ड." तेव्हा काश्यप म्हणायचं. मूर्ती आणा, पण बॅगेतच राहू द्या. आणि तिथे भेटणाऱ्यांना तेवढा नमस्कार म्हणा.

फक्त तीन दिवस. मला जय हवा आहे, बाबा. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. रागवा, पण उत्तर द्या.

प्रज्ञा


वेरळ,
२ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञा,

उत्तराला उशीर झाला, हे रफिकच परत येताना आणेल. रफिक भला माणूस. त्याने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली, आणि तुझं पत्र हातात देताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तू त्याला काय सांगितलं होतंस ठाऊक नाही. काही सांगावं लागलं नसेल.

पहिले आठ दिवस मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की कोट शिंप्याकडून आणलाच नाही. नंतर राग गेला, नुसतं वाईट वाटत राहिलं. तुझी आई असती तर आम्ही दोघं भांडलो असतो आणि ते बरं झालं असतं. एकट्या माणसाला रागाचं काय करावं कळत नाही.

मग मी आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं. काश्यप. शब्द वाईट नाही. पण बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा येतो ते समजत नाही. शेजारच्या नूरजहाँभाभी धावत दारात आल्या, "दादा, काय झालं? कुणाला हाका मारताय?" मी म्हटलं, खोकला आला.

तर मी म्हणेन. मी तुझा बाप आहे, एका शब्दाने मरणार नाही. कारखान्यात साहेबांच्या पोरांच्या मुंजींना मांडवाबाहेर जेवलोच ना. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, ते म्हणाले विमानाला काही हरकत नाही, बिनधास्त जा. कोट उद्या आणतो.

एकच मागणं. साहेबांची ती मोठी गोष्ट मला काढून दे. माणसाने असलं आडनाव मुद्दाम का बाळगावं, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझा बाबा,
दगडू


फुजैरा,
८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. खोकल्याचं वाचून जास्त.

काल साहेबांबरोबर खोर फक्कानच्या बंदरावर गेले होते. परत येताना गाडीत मी सरळ सांगितलं, माझ्या वडिलांना तुमची लाँग स्टोरी हवी आहे. आणि का हवी आहे तेही सांगितलं. आपलं सगळं. आजोबांचं, कपाचं, काश्यपचं. जय सोडला तर इथे सहा वर्षांत कुणाला मी हे पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं, आणि सांगताना मी खिडकीबाहेर बघत होते याचीच मला लाज वाटली. साहेबांनी गाडी बाजूला घेतली.

त्यांच्या आजोबांच्या तरुणपणी तिकडे ते सरकार आलं, ज्याने प्रत्येकाकडे रक्त शुद्ध असल्याचा पुरावा मागितला. आजोबांनी चर्चमधून सात पिढ्यांचे दाखले गोळा केले. सातही पिढ्या शिंडर, सगळ्या ढोरं सोलणाऱ्या, पण सरकारच्या हिशेबात रक्त शुद्ध. ज्यांना सात पिढ्या कुणी शिवलं नव्हतं त्यांना पहिल्यांदाच कुणी शुद्ध म्हटलं. आजोबा वेडे झाले त्या आनंदात. आधी त्यांनी आडनाव बदललं. लिंडनर घेतलं, लिंडन नावाच्या एका सुवासिक झाडावरून. मग युनिफॉर्म घेतला. माणसं डांबून मारायच्या एका छावणीत ते पहाऱ्यावर होते. तिथे त्यांनी जे केलं ते साहेबांनी मला सांगितलं. मी तुम्हाला लिहिणार नाही.

युद्ध संपल्यावर साहेबांच्या वडिलांनी अर्ज करून जुनं आडनाव परत घेतलं. लोक म्हणाले, वेडा आहेस का, हे कुणी मागून घेतं का? ते म्हणाले, माझ्या घराला लाज आणली ती सोलणाऱ्यांनी नाही, त्या झाडाच्या नावाने आणली.

साहेबांनी मला काय करावं ते सांगितलं नाही. पण बाबा, मी ठरवलंय. मी अर्चनाकाकूंना सांगणार. येत्या रविवारी साडीला जायचंय, तेव्हाच. तुम्हाला काश्यप म्हणावं लागणार नाही. मूर्ती बॅगेबाहेर काढायची. मला आज इतकं हलकं वाटतंय.

तुमची,
प्रज्ञा


वेरळ,
१२ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

हे झेरॉक्सवाल्याला तातडीने पाठवायला सांगतोय, वाचलं तर वाचू दे.

साहेबांची गोष्ट मी रात्रभर डोक्यात फिरवली. बाई ग, एक चूक करू नको. त्यांच्या आजोबाला आणि स्वतःला एका तराजूत घालू नको. त्याने नाव बदललं ते मारणाऱ्यांच्या पंगतीत बसायला. तू गप्प बसतेस ते मार चुकवायला. ह्यात फार फरक आहे. तुझ्यावर कुणाचा खून नाही.

आणि दुसरी चूक, साहेबांचा मोकळेपणा बघून भुलू नको. त्यांच्याकडे ते सगळं मेलेलं आहे, म्हणून ते भात खाता खाता सांगू शकतात. आपल्याकडे ते अजून जिवंत आहे. त्या लोकांना जर्मन माणसाचं ऐकून हसू आलं, कारण तो त्यांच्याकडे मुलगी द्यायला आला नव्हता.

सांगू नको असं मी म्हणत नाही. आयुष्यभर ज्याने सभेत उभं राहून "लपवू नका" म्हटलं त्याने आता पोरीला गप्प बस म्हणायचं? पण माझ्यासाठी सांगू नको. मी काश्यप म्हणायला तयार आहे. सांगायचं तर तुझ्यासाठी सांग, आणि जयला शेजारी बसवून सांग. तो बोलतो का बघ.

बाबा


फुजैरा,
१७ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
जय भीम.

झेरॉक्सवाल्याने तुमचं पत्र थेट काल पाठवलं, तेव्हा मी सांगून बसले होते. आणि तुम्ही उगाच घाबरलात!

साडीच्या दुकानातून निघाल्यावर जॅममध्ये गाडी तासभर अडकली होती, तेव्हा सांगितलं. जय पुढे गाडी चालवत होता. काकूंनी मांडीवरची साडीची पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं वेडी, एवढंच? आम्ही तसले नाही. सव्वीस वर्षं इथे काढली. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मलबारी मुसलमान आहे." जय म्हणाला, "सी? टोल्ड यू." मला तिथेच रडू आलं. त्यांनी मला डोळे पुसायला आपली ओढणी दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, प्रेमाने बोलल्या. लग्न जरा छोटं करूया म्हणाल्या, दगदग नको. हॉटेलच्या मोठ्या हॉलऐवजी छोटा. पुण्याहून येणारे त्यांचे नातेवाईक आता येणार नाहीत, परीक्षांचे दिवस आहेत म्हणे.

आणि तुमचा फार विचार केलाय त्यांनी. व्हिसाच्या कागदांत काहीतरी अडकलंय, अनिलकाका बघतायत, पण वेळेत झालं नाही तर तुम्ही टेन्शन घेऊ नये. कन्यादानाला अनिलकाकांचे एक मित्र आणि त्यांची बायको बसायला तयार आहेत. "बाबांना उगीच भटजींसमोर खोटं बोलायला नको, ह्या वयात," असं काकू स्वतःहून म्हणाल्या. मी त्यांना काश्यपचं सांगितलं होतं ना. किती समजून घेतलं बघा. मूर्तीपुढे तुमच्या हातून वंदना नंतर आपण करूच, फेब्रुवारीत तुम्ही आलात की. त्या म्हणाल्या, शांतपणे या, महिनाभर राहा.

तुमचं मत लिहा. पण मला वाटतं, आपण जिंकलो.

तुमची,
प्रज्ञा


वेरळ,
२३ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

पत्र वाचलं. आनंद झाला. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुला कळवायचंच होतं, कानाच्या डॉक्टरांनी आता विमान बंद म्हणून सांगितलंय. हवेच्या दाबाने पडदा फाटेल म्हणे. तेव्हा व्हिसासाठी अनिलकाकांना धावपळ करायला लावू नको. सुटलो मी. नाहीतरी तिकडच्या हॉलमध्ये एसी फार असतो, आणि मला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, नुसता हसत उभा राहिलो असतो.

त्या दिवशी सकाळी मी इथे वस्तीतल्या विहारात वंदना घेईन. साखर वाटीन. साडी कुठल्या रंगाची घेतलीस ते लिहिलं नाहीस.

जेवत जा. घाबरू नको. काही वाटलं तर साहेबांशी बोल, माणूस बरा आहे.

तुझा बाबा,
दगडू


शारजा,
२० जानेवारी २०२५

ती. बाबांस,

साडी मोरपंखी होती. लग्न झालं. फोटो पाठवले नाहीत कारण मला ते बघवत नाहीत.

तुम्हाला आधीच कळलं होतं ना? डॉक्टर आधी "बिनधास्त जा" म्हणाले होते. तेव्हा मला हे सुचलंच नाही. लग्नाच्या दिवशी भटजींनी "मुलीचे आईवडील" म्हणून हाक मारली, ते दोघं परके पुढे येऊन पाटावर बसले, तेव्हा सुचलं. मागे अर्चनाकाकू कुणाला तरी सांगत होत्या, "तिला कोणी नाही हो. आई गेली, वडीलही नाहीत." मी ऐकलं. माझ्या हातात पूजेचं पाणी होतं. मी मागे वळले नाही. जयनेही ऐकलं असणार, तो माझ्या शेजारीच बसला होता.

भटजींनी गोत्र विचारलं. त्या गृहस्थांनी स्वतःचं खरं गोत्र सांगितलं. म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही.

मग तांदळाचं ताट आलं. नवरीचं नाव बदलतात ते. मला वाटलं होतं, आता कोण करतं हे. जयने अंगठीने तांदळात नाव लिहिलं. श्रिया. मला कुणी विचारलं नव्हतं. काकूंनी आधीच पेढ्यांच्या डब्यांवर छापून घेतलं होतं. भटजींनी मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जयकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "इट्स प्रिटी, नो? मॉम चोज इट." ताट माझ्या मांडीजवळ होतं. हाताने तांदूळ फिरवायला एक क्षण पुरला असता. मी नाही फिरवले, बाबा. पेढा खाल्ला.

नंतर मी काकूंना विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं, की प्रज्ञाला काय झालं होतं? त्या दमल्या होत्या, पायावर पाय घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे बघ, प्रज्ञा ऐकलं की आपल्या लोकांना लगेच कळतं. इथल्या मराठी मंडळात चार लोक येतात-जातात. तुझ्याच भल्यासाठी. आणि मला तरी कुठे कुणी विचारलं होतं? मी काय जन्मतः अर्चना होते? माहेरी मी कुसुम होते. तीस वर्षांत कुणी कुसुम म्हटलं नाही. काही मरत नाही माणूस." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्यामुळे मला त्यांचा धड रागही करता येईना.

आता रोज शारजाहून फुजैराला जाणं जमणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी रफिकने सगळ्यांसाठी बिर्याणी मागवली. साहेबांना मी पेढ्यांचा डबा दिला. त्यांनी त्यावरचं नाव वाचलं. ते सगळ्यांनाच विचारतात, तसं त्यांनी विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

जय वाईट नाही. मला इथे कुणी टोचून बोलत नाही. सगळे फार चांगलं वागतात. मला श्वास घेता येत नाही. तुम्ही येऊ नका. आलात तर तुम्हाला कोण म्हणून सांगतील ठाऊक नाही.

तुमची,
(काय लिहू इथे?)


वेरळ,
२९ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

पाकिटावर मी हेच नाव लिहिलंय आणि हेच लिहीत राहीन. पोस्टमनला दार सापडलं नाही तर पत्र परत येऊ दे.

तू तांदूळ फिरवले नाहीस म्हणून स्वतःला खात बसू नको. तुझे आजोबा छप्पनच्या आधी चाळीस वर्षं ढोरं ओढत होते, त्यांनीही रोज नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला माणसाला मागे वस्ती लागते. तू तिथे एकटी होतीस. तुझ्या बापाने तुला एकटं सोडलं. माझ्याकडे पासपोर्ट होता, कोट होता, मी स्वतः व्हिसा, तिकीट काढून यायला हवं होतं आणि त्या पाटावर जाऊन बसायला हवं होतं, गोत्र विचारलं असतं तर काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. मी मानाने घरी बसलो. त्या बाईने मला मेलेला सांगितलं, त्यात तिचं काय चुकलं?

तुला ठाऊक नसेल, तुझं नाव तुझ्या आईने ठेवलं. ती प्रौढ वर्गाला जायची, मी कारखान्यातून सुटलो की तिला कंदिलापाशी गिरवायला बसवायचो. जोडाक्षरं तिला फार जड गेली. ज्ञ काढायला तिला आठवडा लागला. ज्या दिवशी तो जमला त्या दिवशी तिने पाटीवर तो शब्द अख्खा लिहिला, पाटी पोटावर धरली आणि म्हणाली, मुलगी झाली तर हे. तू तेव्हा सातव्या महिन्यात होतीस. मुलगा झाला तर काय, ते तिने कधी सांगितलंच नाही.

तुला परत ये म्हणू का? म्हणतो. ये. नाही आलीस तरी मी लिहीन. श्रिया नावाच्या कुणाचं पत्र आलं तर मात्र मी उघडणार नाही, मी त्या मुलीला ओळखत नाही आणि तिच्या घरच्यांनी मला पुरून टाकलंय.

काल कोट शिंप्याला परत द्यायला गेलो, म्हटलं कुणाला तरी बसव. दुकानात चारपाच बायका होत्या. एकीने माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने विचारलं, "काका, लेकीचं लग्न झालं ना?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी सांगितलं, नाही. प्रज्ञाचं लग्न झालेलं नाही.

तुझा बाबा,
दगडू